दुगारवाडीचा धबधबा: आदल्या रात्रीच्या तयारीपासून ओढा ओलांडून परत येईपर्यंत

नाशिक शहरात वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि इगतपुरीत ३००० च्या वर. दोन्हींमधलं अंतर पन्नास किलोमीटरही नाही. त्र्यंबकेश्वरचा डोंगरपट्टा पावसाच्या बाबतीत इगतपुरीच्या बाजूचा. म्हणून कॉलेज रोड कोरडा ठणठणीत असताना ब्रह्मगिरीच्या मागे धो धो कोसळत असतो आणि शहरातून निघालेल्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. पावसाळ्यात धबधब्याला जाणाऱ्या प्रत्येक नाशिककरानं निदान एवढं तरी नीट समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. आपण जिथे उभे आहोत तिथला पाऊस महत्त्वाचा नाही. वरच्या पठारावर काय पडतंय, ते महत्त्वाचं.

ऑगस्ट २०२२ मधल्या एका रविवारी दुगारवाडीला पाणी अचानक वाढलं. वीसहून जास्त पर्यटक पलीकडच्या बाजूला अडकले. अंधारात आणि पावसात बचाव पथकांनी त्यांना बाहेर काढलं, पण एक जण वाहून गेला. लोकांना भीती वाटते ती उंच कड्याची. त्या दिवशी घात केला तो परतीच्या वाटेवर चढलेल्या पाण्यानं. हा लेख म्हणूनच जाण्यापेक्षा परत येण्याबद्दल जास्त आहे.

उदाहरणाला दुगारवाडीच घेतली आहे, कारण त्र्यंबक ओलांडून जव्हार रस्त्याला लागलं की सापगाव शिवारातला हा धबधबा बहुतेक नाशिककरांच्या यादीत पहिला असतो. शिवाय चिखल, शेतबांध, ओढा, दगडातली उतरण, डोह असं सगळं इथे एकाच वाटेवर भेटतं. इथे जे शिकाल ते पहिने, अंजनेरी, भावली कुठेही कामी येईल.

आधी पाण्याचा हिशेब

आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून तयार झाला. एक थर कठीण बेसॉल्टचा, त्याखालचा सच्छिद्र आणि ठिसूळ, पुन्हा एक कठीण. ठिसूळ थर आधी झिजतो, कठीण थर वर पुढे आलेला राहतो आणि पाणी तिथून सरळ खाली झेपावतं. धबधब्याच्या मागे कपार दिसते ती यामुळेच. वरून सुटे दगड कधीही येऊ शकतात, तेही यामुळेच.

वरच्या पठारावर कातळ जास्त आणि माती वीतभर. मृग आणि आर्द्रा ती माती भिजवण्यात जातात. जुलैचा मध्य आला की तिच्यात आणखी पाणी मुरायला जागा उरत नाही. त्यानंतरचा पाऊस जवळजवळ जसाच्या तसा ओढ्याला येतो. एक चौरस किलोमीटरच्या पठारावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होतं ५ कोटी लिटर. उन्हाळ्यात पाड्यांवर जाणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे ५००० टँकर, एका अरुंद घळीतून, तास-दोन तासांत. जो ओढा सकाळी घोट्याएवढा होता तो दुपारी मांडीपर्यंत कसा आला, याचं उत्तर या हिशेबात आहे.

आता त्याची दुसरी बाजू. पाणलोट लहान असल्यामुळे असा ओढा जितक्या झपाट्यानं चढतो तितक्याच लवकर उतरतोही. वरचा पाऊस थांबला की काही तासांत पाणी पुन्हा ओलांडण्याजोगं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे अडकल्यावर काय करायचं हे ठरवताना ती लागणार आहे.

दिवस कोणता निवडायचा

पहिल्या पावसाला उत्साहानं पळू नये. जूनमध्ये धबधब्याला धड पाणी नसतं, कड्यावरचे दगड उन्हाळ्यात सुटे झालेले असतात आणि विजाही याच दिवसांत जास्त. पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा, म्हणजे साधारण ५ जुलैपासून ऑगस्ट लागेपर्यंतचा पाऊस, धबधबा सर्वात जोरात आणणारा. दृश्य थोर असतं, पण नवख्यांनी तेव्हा ओढा ओलांडायच्या भानगडीत पडू नये. मला विचाराल तर मघा आणि पूर्वा, म्हणजे ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. झड ओसरलेली असते, मधूनमधून उघडीप मिळते, पाणी नितळ होतं, तेरडा आणि सोनकी फुललेली असते. सप्टेंबरच्या शेवटी दुपारनंतर गडगडाट सुरू होतो, तेव्हा सकाळीच आटोपायचं.

वार शक्यतो मधला. रविवारी गर्दी नुसती त्रासाची नसते, धोक्याचीही असते. पन्नास जण पाण्यात उतरलेले दिसले की एक्कावन्नाव्याला भीती वाटेनाशी होते. श्रावणी सोमवार टाळा आणि तिसरा श्रावणी सोमवार तर विसराच. त्या दिवशी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला लाखोंनी माणसं लोटतात, आदल्या संध्याकाळपासून त्र्यंबक रस्त्याची वाहतूक बदललेली असते, आणि तुमच्याकडे काही झालं तर रुग्णवाहिकेलाही त्याच गर्दीतून वाट काढायची आहे.

हवामान खात्याचा इशारा बघताना एक बारकावा आहे. नाशिक जिल्हा आणि नाशिकचा घाट यांचे इशारे पुष्कळदा वेगवेगळे दिलेले असतात. आपल्याला घाटाचा बघायचा. हिरवा असेल तर जावं. पिवळा असेल तर ओढ्याच्या अलीकडेच थांबायचं ठरवून जावं. नारिंगी किंवा लाल असेल तर घरी भजी करावीत. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत मुसळधार. वर काढलेला टँकरचा हिशेब या आकड्यांना लावून बघितलात तर नारिंगी रंगाचा अर्थ लगेच कळेल.

फक्त उद्याचा अंदाज बघून भागत नाही, मागचे दोन दिवसही बघावे लागतात. सलग झड लागून गेली असेल तर हलक्या सरीनंही ओढा फुगतो. नाशिककरांना यासाठी मोबाईलचीही गरज नाही. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं असेल तर वरच्या खोऱ्यात भरपूर झालेला आहे आणि गंगापूर धरणातून विसर्ग चालू आहे, एवढं उघड आहे. त्या आठवड्यात दुगारवाडीचं नाव काढू नये.

आदल्या रात्री

बंदी आहे का, हे आधी तपासा. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन आणि वन विभाग धबधब्यांवर वेळेचे निर्बंध घालतात, कधी काही दिवस पूर्ण बंदही ठेवतात. पूर्वी असे आदेश कलम १४४ खाली निघत, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. नियम दर हंगामात बदलतात, म्हणून गेल्या वर्षीच्या व्हिडिओवर विसंबू नका. त्या आठवड्यातली स्थानिक बातमी बघा किंवा त्र्यंबकमधल्या कुणा ओळखीच्याला फोन करा.

माणसं चार ते आठ. चारपेक्षा कमी असतील तर एक जखमी झाल्यावर एकानं त्याच्यापाशी थांबायचं आणि दोघांनी मदत आणायला जायचं, हे जमत नाही. आठच्या वर गेली की मागचा माणूस कुठे आहे हे पुढच्याला कळत नाही. पुढे कोण, मागे कोण हे घरूनच ठरवा. ‘परत फिरा’ हा शब्द ज्याचा अंतिम, त्याचंही नाव ठरवून ठेवा, कारण पाण्याकाठी उभं राहून मतदान घेता येत नाही. घरी एका कागदावर लिहून ठेवा: कुठे चाललो, कोण कोण, कोणती गाडी, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं.

सॅकमध्ये फार काही लागत नाही, पण जे लागतं ते सगळं लागतं. प्रत्येकी दोन लिटर पाणी; ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वर गुरं चरत असतात. हेडटॉर्च, मोबाईलची नाही, डोक्याला बांधायची, कारण उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत. शिट्टी. कोरडा टीशर्ट, टॉवेल आणि मोजे जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. क्रेप बँडेज, जंतुनाशक, चिकटपट्टी, स्वतःची नेहमीची औषधं. पॉवर बँक झिपच्या पिशवीत. काठी, विकतची असो की बांबूची, खांद्याएवढी उंच आणि वजन टाकलं तरी न वाकणारी. खायला गूळ-शेंगदाणे, दशम्या, थालीपीठ, राजगिऱ्याचे लाडू. फरसाण नको, तहान वाढते.

जीन्स घालून कुणी आलं तर त्याला वाटेतूनच परत पाठवावं इतका मी याबाबत आग्रही आहे. भिजलेली जीन्स जड होते, गुडघा वाकू देत नाही आणि वाऱ्यात अंगातली ऊब शोषून घेते. ट्रॅक पँट बरी. छत्री रस्त्यापुरती. वाटेवर एक हात काठीला आणि एक तोल सावरायला लागतो, तेव्हा रेनकोट किंवा पाँचो हवा.

बुटांवर मात्र खर्च करा. महाग बूट असं मी म्हणत नाही. सह्याद्रीत वर्षानुवर्षं लोक हजार-दीड हजारांच्या खोल खाचांच्या रबरी तळाच्या बुटांवर फिरतात आणि ते उत्तम चालतात. तळ अंगठ्यानं दाबून बघा. नखाचा थोडा वळ उठला तर रबर मऊ आहे, ओल्या कातळावर धरेल. दगडासारखा कडक लागला तर तो बूट गावात फिरायला ठेवा. जॉगिंगचे गुळगुळीत बूट, फ्लोटर्स आणि क्रॉक्स या वाटेवर चालत नाहीत. नवे बूट आधी आठवडाभर घालून घ्या.

निघताना

सकाळी सहाला नाशिक सोडलंत तर आठच्या आत चालायला लागता. हा वेळ मौजेसाठी नाही. लवकर निघालात तर दुपारी एकला ओढ्याच्या अलीकडे असाल आणि उशीर झाला तरी हाताशी उजेडाचे पाच-सहा तास राहतील. दहाला मिसळ खाऊन निघणाऱ्यांना ही मोकळीक मिळत नाही. मिसळ परतीच्या वाटेवर खा, तेव्हा ती लागतेही छान.

स्वतःची गाडी नसेल तर त्र्यंबकपर्यंत एसटी आणि सिटीलिंक दोन्ही आहेत. पुढे जव्हार रस्त्याला जाणारी बस किंवा जीप बघावी लागते. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे सकाळी उतरतानाच विचारून घ्या. दुचाकीवर असाल तर त्र्यंबकच्या पुढे धुकं आणि वळणं दोन्ही आहेत, आणि गुरं रस्त्यावर बसलेली असतात. दिवे लावून, सावकाश.

गावात

गाडी दाखवलेल्या जागीच लावा. शेताच्या तोंडाशी नको. या दिवसांत भाताची आवणी चालू असते, औत आणि माणसं त्याच चिंचोळ्या वाटेनं जातात. प्रवेश शुल्क असेल तर पावती घ्या आणि नोंदवहीत नाव, फोन, माणसांची संख्या नीट लिहा. संध्याकाळी कोण परतलं नाही हे त्या वहीवरूनच कळतं.

मग पाच मिनिटं थांबून विचारा. हा टप्पा लोक घाईत गाळतात आणि माझ्या मते तोच सर्वात मोलाचा. बांधावर इरलं घेऊन वाकलेली एखादी मावशी असेल, ओट्यावर बसलेले बाबा असतील. “मावशी, रात्री पाऊस किती झाला हो?”, “बाबा, ओढ्याला काल पाणी कुठवर होतं?”, “सध्या वाट कोणत्या अंगानं आहे?” असे नेमके प्रश्न विचारा. “जाऊ का?” असं विचारलंत तर माणसं भिडेखातर “जा की” म्हणतील. पाणी कुठवर होतं, याचं उत्तर मात्र बोटानं दाखवून मिळतं: त्या दगडापर्यंत, त्या उंबराच्या मुळापर्यंत. शक्य असेल तर गावातलाच एखादा दादा वाटाड्या म्हणून बरोबर घ्या आणि त्याला पैसे ठरवून, योग्य ते द्या. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तर घ्यावाच. त्याला ओढ्याची खोड माहीत असते.

वाट

चाल दीड-दोन किलोमीटरची. अंतर किरकोळ आहे, पण पावसात त्याचे दुप्पट पाय लागतात. सुरुवातीला बांध. बांधाच्या मधोमध चाला, कडेला पाय दिला की माती ढासळते आणि शेतकऱ्याचं पाणी फुटतं. रोपात पाय पडू देऊ नका.

पुढे चिखल आणि मुरूम. उतारावर टाच आधी टेकवायची सवय असते, ती इथे सोडा. पाऊल सपाट ठेवा, गुडघे किंचित वाकलेले, पावलं आखूड. गवताचा झुबका धरून उतरू नका, तो मुळासकट हातात येतो. कारवीचं खोड किंवा झाडाचं मूळ धरा, तेही आधी ओढून बघून. एकामागोमाग अगदी चिकटून चालू नका. पुढचा घसरला तर मागचा त्याच्यावर जातो आणि पायाखालून सुटलेला दगड खालच्याला लागतो. दगड सुटला की “दगड!” असं मोठ्यांदा ओरडायचं, लाजायचं नाही.

ओल्या कातळाला लोक सरसकट घाबरतात, ते बरोबर नाही. काळा, खरखरीत, स्वच्छ धुतलेला बेसॉल्ट ओला असला तरी चांगला धरतो. वैरी आहे ते शेवाळ. एका जागी बसून कातळाकडे नीट बघा. जिथून पाणी सतत पातळ पसरून वाहतं तिथे हिरवट-काळपट, थोडी चकाकणारी साय दिसेल. बोट फिरवलं तर बुळबुळीत लागेल. तिच्या शेजारीच, हातभर अंतरावर, जिथे पाणी पोहोचत नाही तिथे दगड राखाडी आणि रवाळ असतो. पाय त्या राखाडीवर ठेवायचा. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की निम्मं घसरणं संपतं.

ओढा

आता मुख्य गोष्ट. धबधब्याकडे जाताना पाणी ओलांडावं लागतं आणि येतानाही तेच. जाताना ओलांडण्याआधी काठावर दहा मिनिटं घड्याळ लावून थांबा. पाण्याच्या अगदी कडेला, जिथे ते दगडाला जेमतेम शिवतंय, तिथे एक ओळखू येईल असा खडा ठेवा किंवा काडी रोवा. दहा मिनिटांनी खडा बुडाला असेल तर पाणी चढतंय. ओलांडू नका, मग ते घोट्याएवढं का असेना. खडा कोरडा राहिला असेल तर फोटो काढून ठेवा. मोठ्या दगडावरची ओलीची रेघ फोटोत येऊ द्या. परत आल्यावर तोच फोटो ताडून बघायचा आहे.

पाणी गुडघ्याच्या वर आणि जोरात असेल तर नाही. तळ दिसत नसेल तर नाही. खालच्या बाजूला जवळच धबधब्याचं तोंड किंवा दगडांची अडचण असेल तर पाणी कितीही कमी असो, तिथून नाही. यावर चर्चा करत बसू नका. पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायावरचा जोर चौपट होतो, म्हणून कालच्या अनुभवावरून आज “एवढं तर जमेल” म्हणणं फसवं असतं. जागा निवडताना अरुंद पट्टा मोहात पाडतो, पण तिथेच पाणी खोल आणि वेगवान. पसरट, फेस नसलेली, उथळ जागा शोधा, भले वीस पावलं जास्त चालावं लागो.

ओलांडताना बूट काढायचे नाहीत. सॅकचे छातीवरचे आणि कमरेचे पट्टे सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर ती टाकून देता येईल. तोंड पाण्याच्या वरच्या बाजूला, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच टेकू हलवायचा: काठी, मग एक पाय, मग दुसरा. पाय उचलून टाकू नका, तळाशी घासत सरकवा. समोरच्या काठावर नजर ठेवा. वाहत्या पाण्याकडे एकटक बघितलं की भोवळ येते. तिघा-चौघांनी एकमेकांचे खांदे घट्ट धरून जाणं एकट्यानं जाण्यापेक्षा केव्हाही बरं, सर्वात भक्कम माणूस वरच्या अंगाला. दोर कमरेला बांधून कुणीही पाण्यात उतरू नये. पाय सुटला तर तोच दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो. दोराचं काम ज्यांनी प्रशिक्षण घेतलंय त्यांच्यावर सोडा.

पलीकडे गेल्यावर कान ओढ्याकडे ठेवा. लोंढा येण्याआधी पाणी सांगतं. नितळ पाणी चहाच्या रंगाचं व्हायला लागतं. पानं, काटक्या, गवताच्या गुंडाळ्या वाहत येतात. खळखळाट जाड होतो, त्यात दगड घरंगळल्याचा घुमणारा आवाज मिसळतो. ओल्या मातीचा वास येतो. यातलं एकही चिन्ह दिसलं की सगळं सोडून उंचावर जा आणि ओढ्याच्या पात्रात असाल तर सॅक उचलायलाही थांबू नका. डोक्यावर पाऊस नसला तरी.

धबधब्यापाशी

शेवटची उतरण दगडांची, इथे काठ्या मागच्याकडे द्या आणि हातांचा वापर करा. खाली घळीत पोहोचलात की समोर पडणारं पाणी, तिन्ही बाजूंनी कडे आणि तुषारांनी भरलेली हवा. मनसोक्त बघा. यासाठीच आलोय.

डोहात उतरू नका, हे मी पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही सांगतो. पडत्या पाण्याखाली फेस असतो, म्हणजे पाण्यात हवा मिसळलेली असते, आणि अशा पाण्यात अंग नीट तरंगत नाही. वरून पडणारा झोत खाली जाऊन फिरतो आणि माणसाला पुन्हा झोताखालीच ओढतो. तळाशी कपारी असतात, त्यात पाय अडकतो. धारेखाली उभं राहायचीही गंमत नको. पाण्याबरोबर लिंबाएवढा दगड आला तरी त्या उंचीवरून तो कवटी फोडतो. भिजायचंच असेल तर धबधब्यापासून लांब, बाजूच्या घोटाभर पाण्यात बसा. कड्याच्या वरच्या तोंडाशी जाऊन खाली वाकणं, पाठ करून फोटो काढणं हे पूर्ण वर्ज्य. वरच्या काठावरचा दगड सतत ओला, म्हणजे सतत शेवाळलेला. दारू घेतलेल्या माणसाला गटात ठेवू नका.

कोरडे कपडे इथे घालू नका, परत ओढा आहे. गाडीपाशी घाला. इथे फक्त वाऱ्यापासून आडोसा घ्या आणि काहीतरी गोड खा. कुणी कुडकुडत असेल, बोलताना अडखळत असेल किंवा उगाच चिडचिड करत असेल तर त्याला थंडी बाधलीय. त्याचा ओला टीशर्ट काढून कोरडा घाला, वर रेनकोट द्या आणि निघा.

परत, आणि अडकलात तर

घळीत पाऊण तास पुरे. निघायची वेळ घड्याळावर ठरलेली असावी, मन भरण्यावर नाही. दुपारी एक वाजता ओढ्याच्या अलीकडच्या काठावर, हे माझं गणित. घाटात दुपारनंतर सर वाढली तरी तुम्ही सुटलेले असता.

ओढ्यापाशी पोहोचून फोटो ताडलात आणि पाणी चढलेलं दिसलं, तर ओलांडू नका. अशा वेळी नोकरी, शाळा, घरच्यांचा ओरडा सगळं आठवतं आणि माणूस पाण्यात पाय घालतो. उंच जागी, कड्याच्या पायथ्यापासून आणि एकट्या मोठ्या झाडापासून दूर, एकत्र बसा. वर सांगितलं तसं, पाऊस थांबल्यावर असा ओढा काही तासांत उतरतो. रात्र काढावी लागली तर थंडी वाजेल, भूक लागेल, सकाळी मात्र सगळे घरी जाल. घळीत मोबाईलला रेंज मिळत नाही, थोडं वर चढून प्रयत्न करा. ११२ ला फोन करून जागा, माणसांची संख्या, कुणी जखमी आहे का आणि आपण ओढ्याच्या कोणत्या काठावर आहोत हे सांगा. मग बॅटरी वाचवा. शिट्टीचा संकेत मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. अंधारात हेडटॉर्चही तशीच चमकवा.

पाय मुरगळला तर बूट काढू नका, सूज आल्यावर परत चढत नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज आवळा. साप चावला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करू नका. माणसाला शांत ठेवा, अवयव हलू देऊ नका, अंगठी-कडं काढा, उचलून रस्त्यापर्यंत आणा आणि १०८ बोलवा. आधी त्र्यंबकचं सरकारी रुग्णालय, पुढे नाशिकचं जिल्हा रुग्णालय. सापाला मारून बरोबर आणायची गरज नसते.

कचरा बरोबर परत न्या, खाली मॅगीची पाकिटं आणि बाटल्या साचून ओढ्याची तोंडं तुंबतात. लाऊडस्पीकर नको. पाण्याचा बदललेला आवाज ऐकू यायला हवा, हे त्यामागचं सर्वात मोठं कारण.

मुलं आणि वडीलधारी बरोबर असतील, किंवा ओढा भरलेला असेल

दहा वर्षांखालच्या मुलांना ओढ्यापलीकडे नेऊ नये. आजी-आजोबा बरोबर असतील तर सोमेश्वरचा धबधबा चांगला, शहरालगतच गोदावरीवर, काठावरून बघण्याजोगा. पण तो गंगापूर धरणाच्या खाली आहे. विसर्ग वाढवला की पाऊस नसतानाही पाणी चढतं, म्हणून खडकावर उतरून बसू नका. धरणातून किती पाणी सोडलंय हे त्या दिवशीच्या बातम्यांत असतंच.

दुगारवाडीपर्यंत जाऊन ओढ्याच्या अलीकडून परतावं लागलं तर दिवस वाया जात नाही. त्र्यंबकला गंगाद्वाराच्या पायऱ्या चढता येतात, वरून ब्रह्मगिरीच्या कड्यावरून पडणाऱ्या धारा दिसतात. नाशिककडे येताना अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, मुलांना आवडतं. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. अंजनेरीच्या डोंगरावरही पावसात झरे वाहतात, पण ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि तिथे अंजनेरीचंच नाव मिळालेली, अतिशय दुर्मीळ अशी कंदीलपुष्पाची जात उगवते. पायवाट सोडून पठारावर फिरू नका आणि फुलं तोडू नका. ओढ्याचं पाणी उघडीप मिळाली की उतरतं. सापगावातल्या ज्या दादाला सकाळी भेटलात त्याचा फोन नंबर घेऊन ठेवा आणि पुढच्या वेळी निघायच्या आदल्या रात्री त्यालाच विचारा, पाणी कुठवर आहे.